मालक वाट अडवतो, म्हणून ब्रँडवर बहिष्कार टाकायचा का?

(ऑडिओ भागाचं लिखित रूप. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

नांदेड, लातूर आणि या दोन जिल्ह्यांतून निघून पुण्यात कॉट बेसिसवर राहणारी सगळी पोरं-पोरी, तुमचं स्वागत.

आजचा प्रश्न दिसायला साधा आहे. एखाद्या कंपनीच्या मालकाचं म्हणणं असेल की डोंगर, नदीकाठ, जंगल इथं सगळ्यांना येऊ द्यायची गरज नाही, तर त्याच्या कंपनीची ट्रेकिंगची बॅग, बूट, जॅकेट घेणं आपण बंद करायचं का?

कोणी म्हणेल, हा काय आपला प्रश्न आहे? आपल्याला सह्याद्रीत ट्रेकला जायचं म्हटलं तर आधी रात्रीची ट्रॅव्हल्स पकडून पुणं गाठावं लागतं. पण कंधारचा किल्ला, उदगीरचा किल्ला, औसा, माहूर, सहस्रकुंडचा धबधबा, वडवळ नागनाथचं संजीवनी बेट, फिरायच्या जागा आपल्याकडंही आहेत. आणि वाट अडवणं म्हणजे काय असतं, हे मराठवाड्यातल्या माणसाला कोणी शिकवायची गरजच नाही. त्यावर येतोच.

माझं उत्तर आधी सांगून टाकतो, उगाच ताणत बसत नाही. बहिष्कार टाकावा, पण तीन गोष्टी तपासून. त्या न तपासता टाकला तर आपली बॅग बदलते आणि वाट तशीच बंद राहते.

यूटात काय झालं

अमेरिकेत यूटा नावाचं राज्य आहे. लाल खडकांचा, खोल दऱ्यांचा मुलूख. तिथली बरीचशी जमीन केंद्र सरकारची, म्हणजे सार्वजनिक. लोक तिथं फिरतात, चढतात, तंबू टाकतात. राज्यातल्या पुढाऱ्यांचं म्हणणं होतं की ही जमीन राज्याच्या ताब्यात द्या. फिरणाऱ्या लोकांची भीती अशी, की राज्याकडं गेली की उद्या ती विकली जाईल आणि तिथं फाटक लागेल.

डिसेंबर २०१६ मध्ये ओबामांनी तिथल्या बेअर्स इअर्स नावाच्या भागाला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा दिला. साधारण साडेतेरा लाख एकर. नावाहो, होपी, यूट, झुनी या मूळ रहिवाशांसाठी ही पवित्र जागा. राज्याचे नेते म्हणाले, हा दर्जा काढून टाका. आता त्याच राज्याच्या राजधानीत, सॉल्ट लेक सिटीत, ट्रेकिंगच्या सामानाचं मोठं प्रदर्शन भरायचं. नाव आउटडोअर रिटेलर. त्यातून राज्याला वर्षाला साडेचार कोटी डॉलरच्या आसपास धंदा मिळायचा. फेब्रुवारी २०१७ मध्ये पॅटागोनिया कंपनीनं जाहीर केलं, आम्ही येणार नाही. पाठोपाठ आणखी कंपन्या उठल्या. २०१८ मध्ये ते प्रदर्शन शेजारच्या राज्यात, डेन्व्हरला गेलं.

यूटाला फटका बसला. पण डिसेंबर २०१७ मध्ये ट्रम्प यांनी बेअर्स इअर्सचं क्षेत्र सुमारे ८५ टक्क्यांनी कमी केलंच. मूळ रहिवाशांच्या संघटना कोर्टात गेल्या, पॅटागोनियासुद्धा गेली. ऑक्टोबर २०२१ मध्ये बायडन यांनी ते क्षेत्र परत पूर्ववत केलं. म्हणजे बहिष्कारानं आवाज झाला, पैसा हलला. जमिनीचा निर्णय मात्र मतपेटीतून फिरला.

दुसरं उदाहरण २०१८ चं. हे जमिनीचं नाही, पण मालकाचं आहे. पाण्याच्या बाटल्या आणि पाठीवरच्या पाण्याच्या पिशव्या करणारा कॅमलबॅक नावाचा ब्रँड. त्याची मालक कंपनी व्हिस्टा आउटडोअर. तिच्याकडंच सॅव्हेज नावाची बंदुकांची कंपनीही होती. फ्लोरिडातल्या एका शाळेत गोळीबार झाला, पोरं गेली, आणि लोकांनी बाटलीच्या मागचा मालक शोधून काढला. आरईआय ही तिकडची दुकानांची मोठी साखळी. ती सहकारी संस्था आहे, गिऱ्हाईकच तिचे सभासद. तिनं १ मार्च २०१८ ला व्हिस्टाच्या ब्रँडना नवीन ऑर्डर देणं थांबवलं. पुढच्या वर्षी व्हिस्टानं सॅव्हेज विकून टाकली. फक्त बहिष्कारामुळं विकली असं म्हणता येणार नाही, बंदुकांचा धंदाही तेव्हा मंद होता. पण इथं बघा, बहिष्कार टाकणारा खरोखरचा मोठा गिऱ्हाईक होता. मागणी एका वाक्यात सांगता येण्यासारखी होती. आणि कंपनीला ती पूर्ण करणं शक्य होतं.

मालक ओळखणं सोपं नसतं

आता उलटं उदाहरण. द नॉर्थ फेस तुम्हाला माहीत आहे. अस्सल नसेल तरी नकली जॅकेट बाजारात बघितलंच असेल. ती कंपनी डग टॉम्पकिन्स या माणसानं १९६६ मध्ये सुरू केली आणि थोड्याच वर्षांत विकली. पुढं कपड्यांच्या दुसऱ्या धंद्यात भरपूर पैसा कमावला आणि १९९१ पासून दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशात जमिनी घ्यायला लागला. लाखो एकर. चिलीत ओरड झाली. परदेशी शेठ आपली जमीन गिळतोय, डोंगरापासून समुद्रापर्यंत घेऊन देशाचे दोन तुकडे करतोय. तुम्ही तिथं असता तर तुम्हीही म्हणाला असता, टाका नॉर्थ फेसवर बहिष्कार. पण कंपनी तर त्याची राहिलीच नव्हती! फटका भलत्यालाच बसला असता. आणि २०१५ मध्ये तो वारल्यावर, २०१८ मध्ये त्याच्या पत्नी क्रिस्टीन यांनी सुमारे दहा लाख एकर जमीन चिली सरकारला राष्ट्रीय उद्यानांसाठी देऊन टाकली. आज ती सगळ्यांची आहे.

अजून एक. तुमच्यापैकी कोणाच्या अंगात जॅक अँड जोन्सचा टी-शर्ट असेल. त्या कंपनीचा मालक अँडर्स पोव्हलसन, डेन्मार्कचा. त्याच्याकडं स्कॉटलंडमध्ये दोन लाख एकरांहून जास्त जमीन आहे. तिथला सगळ्यात मोठा खासगी जमीनदार म्हणून त्याचं नाव घेतात. मग स्कॉटलंडच्या लोकांनी त्या डोंगरात फिरायचं का नाही? फिरतात की. कारण २००३ च्या कायद्यानं तिथं जवळपास सगळ्या मोकळ्या जमिनीवर जबाबदारीनं फिरण्याचा हक्क प्रत्येकाला दिलाय. मालक चांगला का वाईट, हा प्रश्न तिथं मागं पडतो.

शेजारच्या इंग्लंडमध्ये तसा सरसकट हक्क नाही. फार थोड्या जमिनीवर आहे, साधारण आठ टक्के. तिथं डार्टमूर नावाच्या माळावर रात्री तंबू टाकायचा हक्क होता. एक श्रीमंत जमीनमालक कोर्टात गेला आणि जानेवारी २०२३ मध्ये तो हक्क हायकोर्टानं काढला. लोकांनी काय केलं? हजारोंच्या संख्येनं त्या माळावर चालत गेले. राष्ट्रीय उद्यानाच्या प्राधिकरणानं अपील केलं. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हक्क कायम असल्याचा निकाल दिला. यातलं काहीच कोणत्या ब्रँडच्या बुटांवर अवलंबून नव्हतं.

आपल्या भाषेतला बहिष्कार

आता घराकडं येऊ. 'बॉयकॉट' म्हटलं की तो फोनवरचा शब्द वाटतो. पण 'बहिष्कार' म्हटलं की मराठीत त्याला दोन इतिहास आहेत, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत.

पहिला तुम्ही शाळेत शिकलात. १९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली आणि टिळकांनी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण अशी चतुःसूत्री धरली. पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली. आणि नुसती होळी करून लोक थांबले नाहीत. पैसा फंड म्हणून लोकांकडून एकेक पैसा गोळा केला जात होता, त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना निघाला. एक वस्तू सोडायची तर दुसरी हातात पाहिजे, हे त्या माणसांना कळत होतं.

आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात. इथं तोच विचार वेगळ्या रूपात आला. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात गावोगावच्या लोकांनी शिंदीची झाडं तोडली. का? शिंदीवरच्या कराचा पैसा निजामाच्या तिजोरीत जायचा. करोडगिरी नाक्यांवर, म्हणजे जकातीच्या नाक्यांवर हल्ले झाले, ते त्याच हिशोबानं. बलाढ्य माणसाच्या उत्पन्नावर घाव घालायचा. आणि पैनगंगेच्या पलीकडं, पुसदला, जुलै १९३० मध्ये लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव जंगलात गवत कापून सत्याग्रह केला होता. जंगल लोकांचं आहे, हे सांगायला थेट जंगलातच गेले.

हा झाला खालून वर जाणारा बहिष्कार.

दुसरा बहिष्कार वरून खाली येतो. १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडला, की सरकारी पैशातून बांधलेली किंवा सांभाळलेली तळी, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात. तो मंजूर झाला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनं चवदार तळं सगळ्यांना खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर दार उघडलं. प्रत्यक्षात तळ्यावर जायची कोणाची हिंमत नव्हती. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन गेले आणि ते पाणी प्याले. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. त्यानंतर दोन आठवड्यांनी बाबासाहेबांनी पाक्षिक काढलं, त्याचं नाव 'बहिष्कृत भारत'. नावातच तो शब्द आहे.

पुढं १९३० मध्ये स्टार्ट समितीचा अहवाल आला. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. त्यात लिहिलंय, की दलित माणूस हक्क मागायला उठला की गाव त्याच्यावर बहिष्कार टाकतं. रोजची वाट बंद, वाण्याच्या दुकानातलं सामान बंद, काम बंद. वाट मागितली म्हणून वाट बंद! हे हत्यार इतकं टिकाऊ निघालं की महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला. तो जुलै २०१७ पासून लागू आहे आणि त्यात तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे.

म्हणून मी म्हणतो, 'बहिष्कार टाका' असं लिहिलेली स्टोरी पुढं ढकलण्याआधी एकदा बघा, तो कोणाच्या डोक्यावर पडतोय. मोठ्या कंपनीच्या मालकावर, का तिच्या दुकानात बारा हजारांवर राबणाऱ्या आपल्याच गावच्या पोरावर? दुकानात जाऊन त्या पोराशी हुज्जत घालणं, त्याचा व्हिडिओ काढणं, त्याच्या जातीवर-धर्मावर बोलणं, हा बहिष्काराचा पहिला प्रकार नाही. तो दुसरा आहे.

तीन प्रश्न

आता माझ्या तीन गोष्टी.

एक. दार नेमकं कोणी लावलंय? सप्टेंबर २०१९ मध्ये बातमी आली, की राज्यातले २५ किल्ले हॉटेलासाठी आणि लग्नसमारंभासाठी भाड्यानं देणार. केवढा गदारोळ झाला! सरकारला खुलासा करावा लागला, की शिवछत्रपतींशी जोडलेल्या किल्ल्यांना हात लावणार नाही. तिथं दार सरकारच्या हातात होतं, म्हणून आवाज सरकारच्या कानाशी गेला. त्या वेळी कोणत्या बुटाच्या कंपनीवर बहिष्कार टाकला असता तर काय उपयोग झाला असता? काहीच नाही.

दोन. आपण खरंच त्यांचे गिऱ्हाईक आहोत का? ज्या कंपनीचं आठ हजारांचं जॅकेट आपण कधी घेतलंच नाही, त्यावर आपण बहिष्कार टाकला काय आणि नाही टाकला काय. पण तुमच्या कॉलेजचा ट्रेकिंग ग्रुप दरवर्षी पन्नास बॅगा एकाच कंपनीकडून घेत असेल, तर ती ऑर्डर हे वजन आहे. ते वापरा. लेखी विचारा कंपनीला, उत्तर मागा, मग ठरवा.

तीन. काय केलं म्हणजे बहिष्कार उठेल? हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. 'अमुक फाटक उघडा.' 'अमुक खटला मागं घ्या.' मालक माणूसच वाईट आहे, एवढ्यावर बहिष्कार उभा केला तर तो कधी उठवायचा हेच कळत नाही, आणि मग आठवड्यात आपोआप विसरला जातो.

तिन्ही उत्तरं जमली, तर टाका बहिष्कार. मी तुमच्यासोबत आहे. अशा वेळी 'बिझनेस वेगळा, मालकाची मतं वेगळी' हे मला पटत नाही. आपल्या पैशातूनच वकील लागत असेल आणि तो वकील आपलीच वाट बंद करत असेल, तर पैसा द्यायचा का नाही, हा आपला प्रश्न झालाच.

आणि आपल्या शिवारातली वाट

आता मघाशी म्हणालो ते. आपल्या दोन जिल्ह्यांत वाट बंद असते ती बहुतेक वेळा कोणा ब्रँडच्या मालकानं केलेली नसते. ती पांदण असते. गावातून शिवारात जाणारी गाडीवाट. आज्याच्या काळात दोन बैलगाड्या आमनेसामने निघायच्या, आज मोटारसायकल जात नाही. दोन्ही बाजूंनी दरवर्षी तासभर नांगर आत सरकवला, मधे चर मारला, वर काटे टाकले. अडवणारा शेजारी असतो, बऱ्याचदा भावकीतला. पावसाळ्यात काळ्या रानात घोट्याच्या वर चिखल. सोयाबीन कापून गंजी लागलेली आणि मळणी यंत्र आतच जाऊ शकत नाही. वरून परतीचा पाऊस. वर्षभराची कमाई भिजते. शेतात वस्ती करून राहणाऱ्या घरातल्या बाईला कळा सुरू झाल्या तर बाजेवर उचलून रोडपर्यंत आणावी लागते. सार्वजनिक वाटेचा आपला प्रश्न हा आहे.

आणि इथं बहिष्कार टाकून चालत नाही. गावात एकमेकांचं तोंड न बघणारे दोन भाऊ काय कमी आहेत? तिथं कागद लागतो. गावनकाशा भूमी अभिलेख कार्यालयात मिळतो, त्यावर गाडीवाटा तुटक रेषांनी दाखवलेल्या असतात. वापरातला रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६, कलम ५ खाली तहसीलदाराकडं दावा करता येतो. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. हे सहा महिने लक्षात ठेवा. 'बघू, दिवाळी झाल्यावर बोलू' म्हणता म्हणता ते निघून जातात. शेताला रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६, कलम १४३ खाली धुऱ्यावरून रस्ता मागता येतो. आणि वाट मोकळी झाल्यावर तिचं काम करायला २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आली.

चवदार तळ्याचंही शेवटी असंच झालं, बरं का. पाणी प्यायले १९२७ मध्ये. त्याच वर्षी विरोधक कोर्टात गेले, की तळं खासगी आहे. बाबासाहेब दहा वर्षं लढले. मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानं विरोधकांचं अपील फेटाळलं. सत्याग्रहानं दार ढकललं, आणि ते उघडं राहिलं ते नोंदीमुळं, निकालामुळं. दोन्ही लागलं.

एक शेवटची गोष्ट, जरा आपल्याला टोचणारी. वाट अडवणारा प्रत्येक जण वाईट नसतो. धबधब्याला जाताना आपणच कोणाच्या तुरीतून गाड्या घातल्या, बाटल्या फोडल्या, पोर्टेबल स्पीकर लावून नाचलो, तर त्या शेतकऱ्यानं काटे टाकले तर त्याला काय म्हणणार? स्कॉटलंडच्या कायद्यातही फिरण्याचा हक्क जबाबदारीनं वागणाऱ्यालाच आहे. हक्क मागणाऱ्यानं कचरा परत न्यावा, एवढं तरी आपण बहिष्काराच्या आधी करू शकतो.

तर या आठवड्यात दोन कामं करा. नवी बॅग घेणार असाल तर पैसे देण्याआधी पाच मिनिटं काढून तिचा मालक कोण आहे ते शोधा. आणि गावाकडं गेलात तर घरच्यांना विचारा, आपली पांदण नकाशावर कुठं आहे, आणि जाग्यावर कुठं आहे. दोन्हीत फरक निघाला तर तो कधीपासून आहे तेही विचारा. सहा महिने झाले नसतील तर सोमवारी तहसीलला जा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.